वाचक विचारतात: घरच्या गो-कार्टला रिव्हर्स, पण गिअरबॉक्स कुठला?

प्रश्न: नमस्कार. मी आणि माझा मुलगा मिळून दोन सीटची गो-कार्ट बनवतोय. फ्रेम वेल्ड झालीये, मागचा अ‍ॅक्सल बसलाय, इंजिन १९६ सीसीचं साडेसहा हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक, आडव्या शाफ्टचं. सध्या सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा, आणि चेन एवढंच आहे. पण दोघं बसलो की गाडी जड होते आणि भिंतीला नाक लागलं की दरवेळी उतरून मागे ओढावी लागते. रिव्हर्स टाकायचाय. टॉर्क कन्व्हर्टर, एफएनआर बॉक्स, मोटरसायकलचा गिअरबॉक्स, लॉन ट्रॅक्टरचा ट्रान्सअ‍ॅक्सल, जो भेटेल तो वेगळंच नाव सांगतो. कुठला घेऊ?

उत्तर: आधी एक घोळ सोडवू, कारण तुमच्या यादीतल्या सगळ्या वस्तू एकाच कामाच्या नाहीत. टॉर्क कन्व्हर्टर रिव्हर्स देत नाही. गो-कार्टवाले ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात ते म्हणजे दोन पुल्या आणि एक बेल्ट, गिअरलेस स्कूटरमध्ये असतं तेच तत्त्व, ऑटोमॅटिक मोटारीतल्या तेलवाल्या टॉर्क कन्व्हर्टरशी त्याचा काही संबंध नाही. त्याचं काम गिअर रेशो आपोआप बदलत राहणं. तुमच्या ताकदीच्या इंजिनाला जो ३० सिरीजचा कन्व्हर्टर लावतात तो सुरुवातीला साधारण २.७ ला १ देतो आणि वेग वाढला की ०.९ ला १ पर्यंत येतो, म्हणजे उठताना पहिला गिअर आणि पळताना जवळजवळ ओव्हरड्राइव्ह. रिव्हर्स देतो तो एफएनआर बॉक्स, म्हणजे फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स. हे दोन्ही एकामागे एक लावायचे असतात, एकाऐवजी एक नाही.

तुमच्यासाठी माझं उत्तर तेच. इंजिन, मग टॉर्क कन्व्हर्टर, मग एफएनआर बॉक्स, मग चेन आणि अ‍ॅक्सल. आहे तो सेंट्रिफ्युगल क्लच ठेवूनही बॉक्स लावता येतो, चालतोही, पण दोन माणसं बसलेली जड गाडी त्या क्लचवर उठवताना क्लच घसरत राहतो आणि तापतो, आणि रिव्हर्समध्ये तर आपण कायम हळूहळूच चालवतो ना, म्हणजे क्लच अर्धवट पकडलेल्या अवस्थेतच सगळा वेळ जातो. हलकी, एका माणसाची, सपाट जमिनीवर फिरणारी गाडी असती तर क्लच बदलू नका म्हटलं असतं.

बॉक्सच्या आत फार काही नसतं. एक इनपुट शाफ्ट, एक आउटपुट शाफ्ट, फॉरवर्डची वाट आणि रिव्हर्सची वाट. एका वाटेत एक चाक जास्तीचं असतं, त्यामुळे आउटपुट उलटा फिरतो. मध्ये एक सरकणारा दातेरी तुकडा असतो, लिव्हर हलवली की तो इकडच्या नाहीतर तिकडच्या गिअरमध्ये अडकतो, मधोमध असेल तर न्यूट्रल. मोटारीसारखा, गिअरचा वेग आधी जुळवून घेणारा सिंक्रोमेश वगैरे तिथे नाही, त्यामुळे दात फिरत असताना लिव्हर ओढली तर कर्रर्र आवाज येणार आणि रोज तसंच केलं तर दातांचे कोपरे गोल होऊन बॉक्स आपोआप न्यूट्रलला उडी मारायला लागणार. नियम सोपा: गाडी पूर्ण थांबलेली, इंजिन आयडलवर, मगच लिव्हर.

बॉक्स कुठे बसवायचा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण खरा तोच आहे. काही जण म्हणतात अ‍ॅक्सलच्या अगदी जवळ, शेवटी लावू, जागा असते. नका लावू. तुमच्या इंजिनचा टॉर्क साधारण १२ न्यूटन मीटर. कन्व्हर्टर तो सुरुवातीला २.७ पट करतो, म्हणजे बॉक्समध्ये जातात ३२-३३. त्याच्यापुढे १० दातांचं छोटं आणि ६० दातांचं मोठं स्प्रॉकेट असेल तर अजून सहा पट, अ‍ॅक्सलवर झाले २०० च्या आसपास. बॉक्स चेनच्या आधी लावला तर त्याला ३३ झेलायचे आहेत, नंतर लावला तर २००. लहान बॉक्स त्यात टिकत नाही, आणि टिकेल एवढा मोठा घेतला तर तो गाडीला झेपत नाही. म्हणून कन्व्हर्टरच्या नंतर आणि शेवटच्या चेनच्या आधी, हीच त्याची जागा.

घेताना काय बघाल? किती हॉर्सपॉवरपर्यंतचा आहे, शाफ्टचा व्यास आणि किल्लीची खाच तुमच्या ड्रिव्हन पुलीला, म्हणजे कन्व्हर्टरच्या बॉक्सकडच्या पुलीला, जुळते का, आउटपुटचं स्प्रॉकेट कुठल्या चेनचं आहे, रिव्हर्सचा रेशो किती. आणि तेल भरलेलं आहे का ते. काही बॉक्स कोरडेच येतात, आणि कागद न वाचता चालू केला की पहिल्याच दिवशी वाट लागते. चेन ३५ नंबरची असेल तर दोन सीटच्या गाडीला ती बारीकच पडते, तिचा पिच ९.५ मिमी, त्यापेक्षा ४० किंवा ४२० ची १२.७ मिमी पिचची चेन घ्या. रिव्हर्स-फॉरवर्ड करताना चेनला जे झटके बसतात ते नुसत्या फॉरवर्ड गाडीत बसतच नाहीत.

वेल्डिंगच्या आधी अजून एक काम करा. बॉक्स नुसता टेकवून ठेवा, फॉरवर्डला टाका, हाताने इनपुट फिरवा आणि आउटपुट कुठे फिरतोय ते डोळ्यांनी बघा. चेन आणि बेल्ट फिरण्याची दिशा बदलत नाहीत, गिअरची जोडी बदलते. तुमच्या प्रकारची बरीच इंजिनं शाफ्टकडून बघितली तर घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे शाफ्ट गाडीच्या डाव्या अंगाला आला तर चाक पुढे जातं. उजवीकडे तोंड करून बसवलंत तर सगळी गाडी मागे जाईल आणि लिव्हरवरचं आर म्हणजे पुढे असा कारभार होईल. हसू नका, मोठे मोठे लोक यात अडकतात. फोक्सवॅगन बीटलचा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच डब्यात असलेला, ट्रान्सअ‍ॅक्सल घेऊन मिड-इंजिन गाडी बनवणारे आतली क्राउन गिअर फिरवून दुसऱ्या बाजूला बसवतात, कारण तसं नाही केलं तर गाडीला चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड मिळतो.

प्रश्न: एफएनआर बॉक्स लावलाय, फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही १ ला १ आहेत. तर मग रिव्हर्समध्ये गाडी किती पळेल? मित्र म्हणतो बॉक्स असला की आपोआप हळूच जाते.

उत्तर: मित्राला हा हिशेब दाखवा. इंजिन ३६०० आरपीएम, कन्व्हर्टर पूर्ण उघडला की ०.९, म्हणजे ४०००. पुढे ६ ला १, म्हणजे अ‍ॅक्सल ६६७. टायर १६ इंची धरला तर एका फेरीत १.२८ मीटर. गुणाकार केला की ताशी ५१ किलोमीटर. उलटं. आपोआप काही हळू होत नाही, कन्व्हर्टरला माहीतच नाही की पुढे कोणी दिशा बदललीये, तो आपला वेग वाढला की रेशो बदलत जाणार.

आणि ताशी ५१ सोडा, २० सुद्धा रिव्हर्समध्ये भयानक आहे. पुढच्या चाकांना आपण जो कॅस्टर देतो, म्हणजे किंगपिन मागे कललेली असते, त्याच्यामुळे पुढे जाताना स्टिअरिंग सोडलं की सरळ होतं. मागे जाताना तोच कॅस्टर उलटा वागतो, चाक जरा वळलं की अजून वळायला बघतं आणि स्टिअरिंग हातातून हिसकावून पूर्ण लॉकपर्यंत जातं. गो-कार्टचं स्टिअरिंग फार डायरेक्ट असतं, अर्धा फेरा पण नाही, त्यामुळे सावरायला वेळच मिळत नाही.

तेव्हा रिव्हर्सला स्वतःचा रेशो असलेला बॉक्स मिळाला, दोनला एक वगैरे, तर तोच घ्या. तुमच्याकडे आधीच १ ला १ आहे म्हणताय तर अ‍ॅक्सिलरेटरला स्टॉपर करा. लिव्हरच्या रॉडवरच एक पट्टी अशी वेल्ड करायची की लिव्हर रिव्हर्सला गेली की पट्टी पेडलच्या आड येते आणि पेडल थोडंसंच दाबलं जातं. इंजिन २४०० च्या पुढे जाऊ दिलं नाही आणि कन्व्हर्टर खालच्याच रेशोत राहिला तर वेग होतो ताशी ११ च्या आसपास, तेवढा पुष्कळ झाला. लहान मुलं चालवणार असतील तर यावर वाद नको, स्टॉपर पाहिजेच.

प्रश्न: एका ओळखीच्यांकडे जुना लॉन ट्रॅक्टर पडलाय, त्याचा ट्रान्सअ‍ॅक्सल फुकट मिळतोय. त्यात रिव्हर्स आहे, डिफरन्शिअल आहे, ब्रेक पण आहे. सगळं एकातच. का नको?

उत्तर: फुकट आहे म्हणून मोह होतो, मला कळतंय. आणि नको असंही नाही, पण आधी ठरवा की तुम्हाला गो-कार्ट हवीये का बागेत फिरायची गाडी.

हे ट्रान्सअ‍ॅक्सल दोन जातीचे. एक साधे गिअरवाले, बाहेर लिव्हर, पाच-सहा फॉरवर्ड आणि एक रिव्हर्स. दुसरे हायड्रोस्टॅटिक, म्हणजे आत तेलाचा पंप आणि तेलाची मोटर, पंपाची तबकडी एका बाजूला कलवली की पुढे, दुसऱ्या बाजूला कलवली की मागे, मध्ये सरळ ठेवली की उभी. हायड्रोस्टॅटिक वापरायला फार गोड, गिअरच नाही, क्लच नाही, पुढून मागे जाताना झटका नाही. पण दोन्ही जाती ताशी आठ-नऊ किलोमीटरसाठी बनलेल्या आहेत. मग लोक काय करतात, मोठी पुली काढून छोटी लावतात, इनपुट दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवतात आणि गाडी पळते सुद्धा, काही दिवस. गिअरवाल्यात आतलं ग्रीस उडून कडेला बसतं, बुशिंग तापतात, मग एखाद्या झटक्याला दात जातात. हायड्रोवाल्यात तेल तापून पातळ होतं आणि गरम झाली की गाडी ओढतच नाही, थंड झाली की पुन्हा ठीक, त्यामुळे दोष कुठे आहे तेच लवकर कळत नाही.

अजून एक अडचण, यांच्यातल्या बऱ्याच जणांचा इनपुट उभा असतो, वरून पुली. तुमचं इंजिन आडव्या शाफ्टचं असेल तर बेल्टला मध्ये पुल्या देऊन नव्वद अंशात वळवावा लागतो, होतं ते, पण कटकट आहे. मूळ ट्रॅक्टरचं उभ्या शाफ्टचं इंजिन पण मिळत असेल तर जोडीच उचला. हळू चालणारी, ट्रॉली ओढणारी, मुलांना फिरवणारी गाडी करायची असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. हायड्रोवाला घेतलात तर बायपासचा खटका कुठे आहे ते शोधून ठेवा, तो उघडल्याशिवाय बंद गाडी ढकलली जात नाही.

प्रश्न: दादा, मी १२५ सीसी बाइकचं इंजिन गो-कार्टला लावतोय, पाच गिअर आहेत. एखाद्या गिअरला रिव्हर्स करता येईल का?

उत्तर: नाही रे. आत जास्तीची आयडलर गिअर बसवायला जागाच नसते आणि शिफ्टर ड्रमच्या खाचा पण तशा नसतात. केसिंग फोडून प्रयोग करू नकोस. इंजिनच्या चेनपुढे वेगळा रिव्हर्स बॉक्स लावतात तो एक मार्ग, बाइकला तीन चाकं लावणारे तेच वापरतात, पण तो तुझ्या पहिल्या गिअरचा टॉर्क झेलणारा पाहिजे, वर एफएनआर बॉक्सबद्दल लिहिलंय त्यापेक्षा दणकट. दुसरा मार्ग म्हणजे तीनचाकी प्रवासी रिक्षाचं इंजिन, त्यात गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि रिव्हर्स मुळातच असतो. बाइकचं इंजिन अजून घेतलं नसशील तर आधी ते बघ. स्कूटरसारखं सीव्हीटीवालं, म्हणजे बेल्ट-पुल्यांवर रेशो आपोआप बदलणारं, हवं असेल तर जीवाय६ जातीचं १५० सीसी इंजिन गो-कार्ट आणि बगीसाठी रिव्हर्ससकट तयार मिळतं, मात्र ऑर्डर करताना रिव्हर्सवालंच आहे ना ते नीट बघ, स्कूटरचं तेच इंजिन बिनरिव्हर्सचं असतं आणि फोटोत पटकन फरक कळत नाही.

तिसरा मार्ग, स्टार्टर मोटरने गाडी मागे नेणं. होंडा गोल्डविंग ही मोठी टुरिंग बाइक १९८८ च्या मॉडेलपासून तेच करत आली. पण तिथे कंपनीने वेग एकदम मुंगीचा ठेवलाय. स्टार्टर मोटर काही सेकंद चालायला बनलेली असते, तू रिव्हर्समध्ये खडीतून गाडी काढत बसलास तर ती जळणार.

प्रश्न: इंजिनच उलटं फिरवलं तर गिअरबॉक्सची गरजच नाही ना?

उत्तर: फोर स्ट्रोक असेल तर विषय संपला, फिरणार नाही. कॅमशाफ्टवर व्हॉल्व्हचं टाइमिंग एका दिशेचं बसवलेलं असतं, उलटं फिरवलं तर एक्झॉस्टमधून हवा ओढून इनटेकमधून बाहेर टाकेल.

टू स्ट्रोकची गोष्ट मात्र मजेशीर आहे. पिस्टनने पोर्ट उघडणारं-झाकणारं साधं टू स्ट्रोक दोन्ही दिशांना सारखंच चालतं, फक्त स्पार्क कधी पडतो ते बदलायचं. १९५५ साली आलेली मेसरश्मिट केआर २०० ही तीन चाकांची छोटी जर्मन गाडी असंच करायची, इंजिन बंद करून उलट्या दिशेने चालू करायचं, मग गिअरबॉक्समधले चारही गिअर रिव्हर्सला उपलब्ध. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये पूर्ण वेगाने मागे. कोणाची हिंमत झाली असेल देव जाणे. आजही काही स्नोमोबाइलमध्ये बटण दाबलं की इंजिन जवळजवळ थांबेपर्यंत हळू होतं आणि नेमक्या क्षणी स्पार्क टाकून उलटं फिरवलं जातं. पण ते कॉम्प्युटर करतो. घरी करायला गेलात तर क्लच, कन्व्हर्टरच्या ड्रिव्हन पुलीतला कॅम, पंख्याने होणारं कूलिंग, सगळं एका दिशेचं असतं. वाचायला छान, करायला नको.

प्रश्न: एफएनआर बॉक्स बसवला. फॉरवर्डला झकास चालते, रिव्हर्स टाकला आणि जरा रेस दिली की चेन उडते. स्प्रॉकेटची लाइन दोनदा चेक केली, सरळ आहे. बॉक्स खराब आहे का? शिवाय थांबून लिव्हर टाकली तरी दात घासतात.

उत्तर: बॉक्स बहुतेक ठीक आहे, मला तुमच्या टेन्शनरचा संशय येतोय. स्प्रिंगवाला आहे ना? फॉरवर्डमध्ये चेनची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी ढिली, टेन्शनर ढिल्या बाजूला लावतात, बरोबर. रिव्हर्स टाकला की बाजू बदलतात. टेन्शनर जिथे आहे तीच बाजू आता ताणली जाते, स्प्रिंग दाबली जाते, आणि तेवढी सगळी ढिलाई दुसऱ्या बाजूला जाऊन लोंबते, तिथे धरायला कोणी नाही. मग चेन दातावर चढते. लाइन कितीही सरळ असली तरी उडणारच.

स्प्रिंग काढून टाका. बॉक्सच्या माउंटिंगला लांबट भोकं करा, बॉक्सच पुढेमागे सरकवून चेन ताणा आणि मागे एक जॅकिंग बोल्ट द्या म्हणजे तो सरकणार नाही. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. टेन्शनर ठेवायचाच असेल तर घट्ट बोल्टने बसणारा ठेवा. हीच गोष्ट बॉक्सच्या ब्रॅकेटची, फॉरवर्डला जो जोर त्याला खाली दाबतो तोच रिव्हर्सला वर उचलतो, त्यामुळे एकाच बाजूने वेल्ड केलेली पट्टी असेल तर ती वाकते आणि चेन तेव्हाही उडते. एकाला रिव्हर्समध्ये जरा रेस द्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून, हात लांब ठेवून, ब्रॅकेट हलतंय का बघा. चाकं वर उचलून नका बघू, लोड नसेल तर काही दिसणार नाही.

लिव्हर टाकताना घासण्याचं कारण बहुतेक आयडल. हे कन्व्हर्टर १८०० ते २२०० आरपीएमला पकडायला लागतात, तुमचं आयडल त्याच्या जवळ गेलेलं असेल तर बेल्ट अर्धवट फिरत राहतो आणि बॉक्सचा इनपुट थांबतच नाही. आयडल १४००-१५०० वर आणा. तरी घासलं तर बेल्ट उलटा बसलाय का बघा, या कन्व्हर्टरच्या बेल्टची एक बाजू उभी सपाट आणि एक तिरकी असते, सपाट बाजू इंजिनकडे.

प्रश्न: बॅटरीवर चालणाऱ्या गो-कार्टला पण हे सगळं लागतं का?

उत्तर: काही लागत नाही. बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशची मोटर असेल तर कंट्रोलरमध्ये रिव्हर्सची वायर असते, तिला स्विच लावला की झालं, बऱ्याच कंट्रोलरमध्ये रिव्हर्सचा वेग पण वेगळा कमी करता येतो. साधी ब्रशवाली परमनंट मॅग्नेट मोटर असेल तर पोलॅरिटी उलटी करायची, त्यासाठी करंट झेलणारा रिव्हर्सिंग कॉन्टॅक्टर घ्या, घरातला बटणाचा स्विच नको. चालू गाडीत दिशा बदलू नका. आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये सायकलसारखं फ्रीव्हील असेल तर मोटर उलटी फिरेल आणि गाडी जागेवरच उभी राहील, ते काढून फिक्स स्प्रॉकेट लावा.

प्रश्न: रिव्हर्स लावल्यापासून उतारावर मागे येताना ब्रेक लागतच नाही असं वाटतं. पुढे जाताना मात्र एकदम कडक लागतो. ब्रेक जुनाच आहे, ड्रमभोवती पट्टा आवळणारा.

उत्तर: वाटत नाही, खरंच लागत नाही. गाडी उतारावर नेणं आजपासून बंद करा. पट्ट्याचा ब्रेक एका दिशेला स्वतःच स्वतःला आवळतो, ड्रम फिरताना पट्टा अजून ओढून घेतो, म्हणून पुढे जाताना पायाला हलका आणि कडक वाटतो. उलट्या दिशेला ड्रम तोच पट्टा सोडवायला बघतो. तेवढ्याच पायात त्याची पकड अगदी थोडी उरते. पट्टा बदलून, घट्ट करून फरक पडणार नाही. डिस्क ब्रेक लावा, डिस्कला दिशा कळत नाही, पुढे जेवढा तेवढाच मागे.

आणि डिस्क अ‍ॅक्सलवरच लावा. तुमचा जुना ड्रम क्लचच्या शेजारी किंवा बॉक्सच्या आधीच्या शाफ्टवर असेल, पुष्कळ जुन्या गाड्यांत तसा असतो, तर लिव्हर न्यूट्रलला गेल्यावर ब्रेक आणि चाकांचा संबंधच तुटतो. पेडल दाबाल, ड्रम थांबेल, गाडी जात राहील. चेन तुटली तरी तेच. डिस्क बसवल्यावर आधी सपाट जमिनीवर, चालत्या माणसाच्या वेगाने, दोन्ही दिशांना ब्रेक मारून बघा, न्यूट्रलमध्ये पण बघा, आणि मगच उतारावर न्या.